पॅप स्मिअर, एचपीव्ही आणि लैंगिक आजारांच्या तपासण्या : धास्ती वाटत असेल तर इथे बोलूया

निरगुडी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पॅप स्मिअरची (म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींच्या तपासणीची) काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सर्वांत आधी आमच्यासारख्यांच्या नजरेखालून जाते. कुठे शंका आली की त्या जागी शाईचा ठिपका द्यायचा आणि पट्टी पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायची. निदान ते करतात. हे काम करताना एक गोष्ट मला सतत खुपत आली आहे. रिपोर्ट न्यायला आलेल्या बायका पाकीट उघडायच्या आधीच रडवेल्या झालेल्या असतात. आणि ज्या तपासणीला येतच नाहीत, सगळं अंगावर काढतात, त्यांची गाठ पडते तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

"काही होत नाही गं, जाऊन ये" असं म्हटल्याने कुणाची भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही. दुखेल का, कोण बघेल, काही निघालं तर, घरी काय सांगू, या सगळ्या वेगवेगळ्या भीती आहेत. प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे, म्हणून हा धागा.

तपासणीत नक्की काय करतात ते आधी सांगते. कमरेखालचे कपडे काढून, अंगावर चादर घेऊन पाठीवर झोपायचं, गुडघे मुडपून बाजूला सैल सोडायचे. योनीमार्गात स्पेक्युलम नावाचं साधन घालतात. बदकाच्या चोचीसारखं असतं, आत गेल्यावर हळूच उघडतात, की गर्भाशयाचं तोंड दिसतं. त्यावर छोटा मऊ ब्रश किंवा चपटी काडी फिरवून पेशी घेतात. ब्रश फिरतो तो काही सेकंद, सगळं आटपायला पाचेक मिनिटं. सुई नाही, कापाकापी नाही, भूल नाही. ओटीपोटात एखादी कळ येऊ शकते आणि नंतर दिवसभर थोडे डाग लागू शकतात.

पुढे काय होतं ते सहसा कुणी सांगत नाही. ब्रशवरच्या पेशी द्रवाच्या बाटलीत किंवा थेट काचपट्टीवर येतात आणि त्यांना पॅपॅनिकोलाऊ रंग दिला जातो. वरच्या थरातल्या पक्व पेशी गुलाबी-नारिंगी दिसतात, त्यांच्या खालच्या निळसर हिरव्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद केंद्रक. द्रवातल्या नमुन्यात नीट दिसणाऱ्या पेशी किमान पाच हजार तरी असाव्या लागतात. मी बघते ते मुख्यतः केंद्रक : किती मोठं, किती गडद, कडा सरळ की वेड्यावाकड्या. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा परिणाम झालेल्या काही पेशींत केंद्रक सुरकुतलेलं असतं आणि त्याभोवती मोकळं, फिकट वलय उठून दिसतं. ते वलय दिसलं म्हणजे कॅन्सर झाला, असं अजिबात नाही. विषाणू तिथे आहे आणि पेशीला त्याची बाधा झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्हीच्या काही ठरावीक प्रकारांचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिल्याने होतो. हे ज्यांनी शोधलं त्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ हे दोनच मिळून सुमारे ७० टक्के कॅन्सरना कारणीभूत असतात. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सर्व स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यातही प्रतिकारशक्ती धड असेल तर कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. ही तपासणी आहे ती या मधल्या वर्षांसाठी. "रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं" याचा अर्थ बहुतेक वेळा "वेळेत निघालं" असा असतो.

विचारा. निनावी आयडीने विचारलंत तरी चालेल.


कावेरी_म

निरगुडीताई, अनेक आभार. वाचनखूण साठवली आहे. नमुना घेतल्यानंतर त्याचं काय होतं हे पहिल्यांदाच कळलं. कितव्या वर्षापासून आणि किती वर्षांनी करायची असते? माझ्या ओळखीत एक दरवर्षी करते, दुसरी म्हणते एकदा केली की झालं.


निरगुडी

कावेरी, देशोदेशी नियम थोडे वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अशी : वयाच्या ३० पासून एचपीव्हीची डीएनए चाचणी, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. नुसती पॅप करत असाल तर बहुतेक ठिकाणी दर तीन वर्षांनी सांगतात. एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली तर इतकी वर्षं थांबता येतं, कारण विषाणूच नसेल तर पुढचे बदल व्हायला कारणच उरत नाही. पॅपमध्ये एखादा बदल नजरेतून सुटू शकतो, म्हणून ती नेमाने करायची असते.

दरवर्षी करायची गरज सहसा नसते. पण एकदाच करूनही भागत नाही.


अबोली_०

ही आयडी फक्त याच प्रश्नासाठी काढली आहे. लहानपणी माझ्याबरोबर जे झालं ते इथे लिहिणार नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, मुलगा आहे. पण आजही कुणी "पाय सैल सोडा" म्हटलं की अंग आपोआप आवळतं, श्वास अडकतो. मागे एकदा तपासणीला गेले होते. नको म्हणायचं होतं पण तोंडातून शब्द फुटेना. "मूल झालंय ना तुम्हाला, मग एवढं काय?" असं ऐकून घ्यावं लागलं. त्यानंतर गेलेच नाही. कॅन्सरची भीती वाटते, पण त्या टेबलाची जास्त वाटते. माझ्यासारखीने काय करावं?


शरयू

अबोली, तुला जे ऐकवलं गेलं ते चुकीचंच होतं. बाळंतपण झालं म्हणून शरीर जुन्या गोष्टी विसरत नाही. मी नर्स आहे, नमुने घेण्याचंच काम करते. तुझ्यासारख्या बऱ्याच जणी येतात, फक्त बोलत नाहीत. टेबलावर झोपल्यावर त्यांच्या पायाची बोटं घट्ट वळलेली दिसतात, त्यावरून मला कळतं आणि मी थांबते.

वेळ ठरवायला फोन करशील तेव्हा एवढंच सांग : "मागचा अनुभव वाईट आहे, मला जास्त वेळ लागेल." तपशील देऊ नकोस, कुणी मागायचा नसतो. बाई डॉक्टर किंवा बाई नर्सच हवी असं आधीच सांगून ठेवता येतं. बरोबर कुणाला तरी ने, आतपर्यंत ने. आत गेल्यावर कपडे अंगात असतानाच बोलणं करून घे. स्पेक्युलम हातात घेऊन बघ. वेगवेगळ्या मापांत मिळतात, सर्वांत लहान मागून घे. प्रत्येक पायरीआधी सांगायला सांग आणि खूण ठरव : मी हात वर केला की थांबायचं. थांबायचं म्हणजे बाहेर काढायचं. "आता झालंच, एक मिनिट" असं म्हणत पुढे रेटायचं नाही. पाय वरच्या आधारात अडकवायलाच हवेत असं नाही, कुशीवर झोपूनही नमुना घेता येतो. काहीजणी स्पेक्युलम स्वतःच्या हाताने आत घालतात. मी देते त्यांना, आणि बऱ्याच जणींना त्यातच निम्मं हायसं वाटतं.

पहिल्या खेपेला नुसतं बोलून, खोली बघून परत आलीस तरी चालेल. ती खेप फुकट गेली असं मानू नकोस.

आणि यातलं काहीच जमणार नसेल तरी एक वाट आहे. एचपीव्हीच्या चाचणीसाठी नमुना स्वतःच घेता येतो. एक काडी किंवा ब्रश योनीमार्गात थोडा आत घालून फिरवायचा आणि नळीत ठेवायचा. स्पेक्युलम लागत नाही, टेबल लागत नाही, पडद्याआड किंवा बाथरूममध्ये एकटीने करता येतं. काडी गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचायचीही गरज नाही. पीसीआर पद्धतीच्या (विषाणूचा डीएनए अनेक पटींनी वाढवून शोधणाऱ्या) चाचण्यांमध्ये असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीस तोड ठरतो आणि जागतिक आरोग्य संघटनाही ही पद्धत सुचवते. पॅपसाठी मात्र हे चालत नाही. आणि चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी टेबलावरच करावी लागते, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको.


अबोली_०

शरयूताई, स्वतः नमुना घेता येतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुन्हा पुन्हा वाचते आहे. सध्या एवढंच लिहवतं.


वाटसरू_दादा

बायकांच्या धाग्यावर लिहू की नको असं झालं होतं. बायकोची एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. तिनेच रिपोर्ट माझ्या हातात दिला, तेव्हापासून घरात अबोला आहे. नेटवर वाचलं की हा लैंगिक संबंधातून पसरतो. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. मी बाहेर कुठे गेलेलो नाही. मग याचा अर्थ काय घ्यायचा? मला तिच्यावर संशय घ्यायचा नाही, पण डोक्यातून विचार जात नाही.


पारिजात

वाटसरू, लिहिलंत ते फार बरं केलं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न मला दाराबाहेर, हळू आवाजात नेहमी विचारला जातो.

या रिपोर्टवरून विषाणू कधी आला आणि कुणाकडून आला हे सांगता येत नाही. कोणत्याच चाचणीने सांगता येत नाही. एचपीव्ही शरीरात कैक वर्षं गुपचूप राहू शकतो. चाचणीत सापडणार नाही इतका क्षीण होतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की पुन्हा डोकं वर काढतो. तो लग्नाआधी तुमच्यात आलेला असू शकतो, तिच्यात आलेला असू शकतो. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्यांनाही होतो. पसरायला पूर्ण संबंधच यावे लागतात असं नाही, जननेंद्रियांच्या त्वचेचा स्पर्श पुरतो. म्हणूनच कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण टळत नाही. दोन बायकांच्या नात्यातही तो पसरतो, तेव्हा "आमच्यात पुरुष नाही, आम्हाला तपासणी कशाला" असं समजणाऱ्यांनीही तपासणी करावी.

पुरुषांसाठी अशी नेहमीची चाळणी चाचणी (काही त्रास नसतानाच करायची) नाही, त्यामुळे "मीही तपासून घेतो" म्हणून काही हाती लागायचं नाही. विषाणूवर औषधही नाही. शरीर तो घालवतं, आपण फक्त त्याने पेशींत बदल केलेत का यावर लक्ष ठेवतो. सिगारेट ओढणाऱ्यांत तो टिकून राहण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा दोघांपैकी कुणी ओढत असेल तर सोडण्यासाठी हे चांगलं निमित्त आहे.

तिने रिपोर्ट लपवला नाही, तुमच्या हातात दिला. आज रात्री तिच्याशी बोला. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर जा.


मालन_५८

माझी पाळी जाऊन वर्षं लोटली आणि मिस्टरही नाहीत. आता कशाला तपासणी, असं म्हणून टाळत होते. शिवाय मागच्या खेपेला फार दुखलं. सुनेने हा धागा दाखवला.


शरयू

मालनताई, पाळी गेल्यावर योनीमार्गाचा आतला थर पातळ आणि कोरडा होतो, म्हणून दुखतं. दुखणं खरं आहे, तुम्ही नाजूक आहात म्हणून नाही. तपासणीआधी काही आठवडे योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम वापरलं तर बराच फरक पडतो. ते चालेल का हे डॉक्टरांना विचारा, विशेषतः स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय लावू नका. लहान स्पेक्युलम मागा. आधीच्या तपासण्या नेमाने झालेल्या असतील आणि निर्धोक असतील, तर साधारण पासष्टीनंतर बहुतेक ठिकाणी त्या थांबवतात. कधीच झाली नसेल तर वय झालं म्हणून सोडू नका.

आणि पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं, एखादा डाग जरी, तर तपासणीच्या तारखेची वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. संबंधानंतर रक्त जाणाऱ्या आणि दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणाऱ्या सगळ्याच जणींना हे लागू आहे. चाळणी तपासणी ही ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी असते. त्रास होत असेल तर "मागच्या वर्षी पॅप नॉर्मल होती" यावर विसंबून राहू नका.


मालन_५८

धाकट्या जावेची पिशवी काढली आहे, तिला लागते का गं?


पारिजात

गर्भाशयाच्या तोंडासकट काढली असेल आणि कारण कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल नसतील, तर गरज नाही. तोंड ठेवलं असेल तर लागते. ऑपरेशनचे कागद बघायला सांगा, आठवणीवर जाऊ नका.


जुई_एस

माझ्या पॅपच्या रिपोर्टवर "इन्फ्लमेटरी स्मिअर" असं आहे आणि खाली "एनआयएलएम". शेजारच्या वहिनी म्हणाल्या की त्यांच्या बहिणीलाही असंच आलं होतं, मग पिशवीच काढून टाकली. दोन रात्री झोप नाही.


निरगुडी

जुई, आधी झोप. एनआयएलएम म्हणजे पेशींत कॅन्सर नाही आणि कॅन्सरच्या दिशेने जाणारे बदलही नाहीत. रिपोर्टमधला हाच सर्वांत चांगला शेरा. इन्फ्लमेटरी म्हणजे काचपट्टीवर पांढऱ्या पेशी जास्त दिसल्या, थोडी सूज आहे. पाळीच्या आसपास, तांबी बसवलेली असताना, बुरशीचा किंवा जिवाणूंचा साधा त्रास असताना हे मला रोज दिसतं. काही त्रास नसेल, म्हणजे खाज, दुर्गंधी, रंग बदललेला स्राव, ओटीपोटात दुखणं, तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. त्रास असेल तर त्याचं कारण शोधून औषध. एवढ्यावरून पिशवी काढायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नकोस. हे मी ठासून सांगते आहे.

बाकीचे शेरेही सांगून ठेवते. "अपुरा नमुना" म्हणजे पेशी कमी आल्या किंवा रक्ताने झाकल्या गेल्या, काही आठवड्यांनी परत द्यायचा. एएससी-यूएस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात पण नक्की सांगता येत नाही. तेव्हा एचपीव्ही चाचणी करून पुढचं ठरवतात. एलएसआयएल हे सौम्य बदल, बहुतेक आपोआप निवळतात. एचएसआयएल आला तर मात्र हयगय नको, कॉल्पोस्कोपी (भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) करून घ्यायचीच. तोही शेरा म्हणजे कॅन्सर झाला असा अर्थ नाही.

नमुना चांगला यावा म्हणून आधीचे दोन दिवस संबंध, योनीमार्गातली मलमं-गोळ्या आणि आतून धुणं टाळा. पाळी जोरात चालू असेल तर तारीख पुढे ढकला.

थोडं अवांतर : हा रंग ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जॉर्जिओस पॅपॅनिकोलाऊ मूळचे ग्रीक. त्यांनी १९२८ साली ही कल्पना मांडली तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९४३ साली हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर लिहिलेला ग्रंथ आल्यावर वैद्यकाने दखल घेतली. त्या सगळ्या काळात त्यांची पत्नी आंद्रोमाखी कित्येक वर्षं स्वतःचे नमुने देत राहिली आणि प्रयोगशाळेतही त्यांच्याबरोबर राबली. काचपट्टी हातात घेताना मला तिची आठवण होते. तिचं नाव या चाचणीत कुठेच नाही.


रोखठोक

सगळं छान आहे, पण एक विचारतो. दिसेल त्याला तपासण्या करायला लावायच्या, काहीतरी काढायचं, मग उपचार करायचे, असंही चालतंच ना? माझ्या बहिणीला चोविसाव्या वर्षी पॅप करून घाबरवून सोडलं होतं. यावर कुणी बोलत नाही.


पारिजात

तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो बोलला गेलाच पाहिजे. पंचविशीच्या आत एचपीव्ही खूप जणींमध्ये सापडतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो. त्या वयात उठसूट तपासण्या केल्या की निवळणारे बदल पकडले जातात आणि नको ते उपचार होतात. बाधित भाग विजेच्या तारेने काढण्याच्या उपचाराने पुढच्या गरोदरपणात बाळंतपण दिवस भरायच्या आधी होण्याचा धोका थोडा वाढतो, विशेषतः जास्त खोल काढलं तर. म्हणून वयाचा आणि अंतराचा नियम पाळायचा असतो. सीआयएन म्हणजे तुकडा काढून तपासल्यावर दिसणारे कॅन्सरआधीचे बदल, १ सौम्य ते ३ तीव्र. सीआयएन १ ला सहसा उपचार करत नाहीत, लक्ष ठेवतात. सीआयएन २ पैकी जवळपास निम्मे दोन वर्षांत मागे फिरतात, त्यामुळे तरुण मुलींमध्ये तिथेही थांबून बघता येतं.

पण सीआयएन ३ ची गोष्ट वेगळी आहे. न्यूझीलंडमध्ये १९६० नंतरच्या काळात एका रुग्णालयात अशा काही स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं गेलं, तेही त्यांची नीट संमती न घेता. पुढे १९८७-८८ मध्ये त्याची न्यायालयीन चौकशी झाली. त्या स्त्रियांच्या नोंदींचा २००८ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरेसे उपचार न झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला होता. ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. हे आकडे त्या बायकांनी न विचारता सोसलेल्या यातनांतून आले आहेत. त्यामुळे "सगळं आपोआप बरं होतं" असं मला कुणालाही सांगवत नाही.

तुमच्या बहिणीला त्या वयात पॅप का करायला सांगितली हे विचारण्याचा हक्क तिला होता आणि आजही आहे. "ही तपासणी आत्ता का, आणि नाही केली तर काय?" असा प्रश्न प्रत्येकीने विचारावा.


संभ्रमित

थोडा वेगळा प्रश्न. मुलगा आहे, अविवाहित. कंडोम फाटला. घाबरून दुसऱ्याच दिवशी सगळ्या रक्त तपासण्या केल्या, सगळं निगेटिव्ह. आता निश्चिंत व्हायचं का? मित्र म्हणतो लघवीच्या जागेत काडी घालून तपासतात, त्या भीतीने पुढचं काही केलेलं नाही. आणि मैत्रिणीची पॅप नॉर्मल आहे, म्हणजे तिला काही नाही, बरोबर ना?


पारिजात

संभ्रमित, दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टवरून फक्त त्याआधीची परिस्थिती कळते. नवा संसर्ग चाचणीत दिसायला वेळ जावा लागतो. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी साधारण दोन आठवडे. एचआयव्हीसाठी प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं, दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली तर भरवसा ठेवता येतो. नुसत्या अँटिबॉडीची झटपट चाचणी असेल तर ९० दिवस. सिफिलिससाठीही ९० दिवसांनी एकदा खात्री करून घ्यावी. तोवर कंडोम वापरा. हे वाचणाऱ्या कुणाच्या बाबतीत असा प्रसंग नुकताच घडला असेल तर लक्षात ठेवा : एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. इथे उत्तराची वाट बघत बसू नका, आधी दवाखाना गाठा. हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर तीही विचारा.

काडीचं म्हणाल तर आता क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी पुरुषांची लघवीच तपासतात. तासभर लघवीला न जाता, सुरुवातीची धार बाटलीत घ्यायची. स्राव येत असेल तर कधी टोकाशी काडी लावून घेतात. तोंडावाटे किंवा गुदमार्गे संबंध आला असेल तर तिथलाही नमुना लागतो, कारण लघवीत तो संसर्ग दिसत नाही. डॉक्टर विचारतात ते त्यासाठीच. उत्तर खरं द्या.

तिच्या पॅपवरून या आजारांबद्दल काहीच ठरवता येत नाही. पॅपमध्ये पेशी बघतात, क्लॅमिडिया, एचआयव्ही, सिफिलिस बघत नाहीत. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच लक्षण नसतं आणि उपचाराविना राहिला तर गर्भनलिकांना इजा करून पुढे मूल होण्यात अडचण आणू शकतो. तिला योनीमार्गातून स्वतः काडी फिरवून नमुना देता येईल. निघालाच तर तो प्रतिजैविकांनी बरा होतो. फक्त दोघांचे उपचार बरोबरीने व्हायला हवेत, उपचार संपेपर्यंत संबंध नकोत आणि तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

आणि तू एकटा नाहीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बऱ्या होऊ शकणाऱ्या चार लैंगिक आजारांचे जगभरात रोज दहा लाखांहून जास्त नवे संसर्ग होतात. घशाच्या संसर्गासाठी जितक्या मोकळेपणाने दवाखान्यात जातोस तितक्याच मोकळेपणाने यासाठी जा.


निरगुडी

एक भर. पॅपच्या पट्टीवर कधीकधी ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा एक परजीवी) किंवा बुरशीचे धागे दिसतात आणि आम्ही ते लिहितो. पण दिसले नाहीत म्हणजे नाहीतच, असं समजू नका. आणि अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दरवेळी संबंधातून आलेला आजार नसतो. बुरशीचा त्रास कधीच संबंध न आलेल्या मुलींनाही होतो. आयांनी मुलींची उलटतपासणी घेण्याआधी हे ध्यानात ठेवावं, एवढीच कळकळीची विनंती.


वाटसरू_दादा

पारिजात मॅडम, त्या रात्री बोललो. तिला वाटत होतं की मी तिला सोडून देईन. तुमचं उत्तर दोघांनी मिळून वाचलं. टाइप १६ आला आहे, येत्या आठवड्यात कॉल्पोस्कोपी सांगितली आहे. मीही जाणार आहे. त्यात काय करतात, आणि नंतर तिला घरी काय जपावं लागेल?


शरयू

दादा, सुरुवात पॅपसारखीच, टेबल तेच आणि स्पेक्युलम तोच. कॉल्पोस्कोप म्हणजे दिवा आणि भिंग असलेलं यंत्र. ते बाहेरच असतं, आत घालत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाला ३ ते ५ टक्क्यांचं अॅसिटिक आम्ल लावतात, थोडं चुरचुरतं. बदललेला भाग त्याने पांढरा दिसतो. कधी आयोडीनही लावतात, त्याची अॅलर्जी असेल तर आधी सांगायला सांगा. गरोदर असण्याची शक्यता असेल तर तेही, आणि रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर तीही. शंका आली तर तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा बायॉप्सीसाठी काढतात. चिमटा काढल्यासारखं जाणवतं, ओटीपोटात कळ येते. आधी तासभर साधी वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल का, हे फोन करून विचारून घ्या.

बायॉप्सी घेतली तर काही दिवस तपकिरी किंवा काळपट स्राव येतो. रक्त थांबवायला औषध लावलेलं असतं त्याचा तो रंग, घाबरू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप आणि संबंध नकोत. घरातली कामं तिला झेपतील तशी करू दे, पण त्या दिवशी जड उचलायला लावू नका. तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, ताप किंवा घाणेरडा वास आला तर लगेच दवाखान्यात फोन करा, रात्र असली तरी. आणि निघायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या : रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल आणि नाही मिळाला तर कुठल्या नंबरवर कुणाला विचारायचं.